साठवणुकीची टंचाई आणि आपला आराखडा

(नंदुरबार जिल्ह्यातील ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक आणि सेवा केंद्रचालक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

उन्हाळा जवळ आला की आपल्या जिल्ह्यात टंचाई आराखड्याची लगबग सुरू होते. कोणत्या पाड्यावरील हातपंप कोरडा पडण्याचा संभव आहे, कोणत्या विहिरीतील गाळ काढावयाचा, कोणती खाजगी विहीर अधिग्रहित करावयाची आणि हे सर्व उपाय थकल्यावर टँकर कोठे पाठवावयाचा, याचा विचार आपण पाणी आटण्यापूर्वीच करून ठेवतो. आज मी ज्या टंचाईविषयी आपल्याशी बोलणार आहे, ती पाण्याची नाही. संगणकातील हार्ड डिस्कची आहे. परंतु तिच्यावरील उपायही नेमक्या याच क्रमाने योजावे लागतात, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. म्हणून आजचे भाषण मी त्याच क्रमाने करणार आहे.

हार्ड डिस्कच्या किमतीची चिंता मुंबई-पुण्याच्या मोठ्या कचेऱ्यांनी करावी, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आपल्यासारख्यांचा तिच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला तो शहादा तालुक्यातील टेंभली या गावी. त्या दिवसापासून आजवर आपल्या सहाही तालुक्यांतील माणसाचे जगणे हळूहळू संगणकाच्या पोटात गेले आहे. घरकुलाच्या कामाची छायाचित्रे, ग्रामसभांचे ठराव, शाळेची पटनोंदणी, वनहक्क दाव्यांचे पुरावे, बचत गटांचे हिशेब, हे सारे आज कोठल्या तरी टेबलाखालच्या एका धातूच्या चपट्या डबीत साठवलेले असते. ती डबी निकामी झाली आणि दुसरी घेण्याची ऐपत नसली, तर अडचण मुंबईची नसते, आपलीच असते.

टंचाई कशामुळे?

२०२५ च्या उत्तरार्धापासून हार्ड डिस्कच्या किमती चढू लागल्या. त्यामागे युद्ध नाही, महापूर नाही, की कारखान्यांचा संप नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी जगभर जी प्रचंड माहिती केंद्रे उभी राहात आहेत, त्यांची भूक हे त्याचे मुख्य कारण होय. यंत्राला भाषा, चित्रे आणि चलत्चित्रे शिकवावयाची तर ती आधी कोठेतरी साठवावी लागतात, आणि यंत्राने निर्माण केलेली नवी माहितीही साठवावी लागते. एवढी साठवण स्वस्तात करण्याचे साधन म्हणजे अजूनही फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क हेच आहे.

ही डिस्क बनविणाऱ्या कंपन्या जगात आता तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. त्यांपैकी वेस्टर्न डिजिटलने २०२६ च्या आरंभीच सांगितले की, त्या वर्षातील तिचे उत्पादन जवळजवळ सर्व आधीच विकले गेले आहे. घाऊक व्यापाऱ्याने उभ्या पिकाचा सौदा करून टाकावा आणि किरकोळ गिऱ्हाइकाने बाजारात रिकामी पोती पाहावीत, तसा हा प्रकार आहे.

डिस्क नको, त्याऐवजी चिपवर चालणारी एसएसडी घेऊ, असे म्हणावे तर तीही वाट महागली आहे. स्मृतिचिप बनविणारे कारखाने आता माहिती केंद्रांना लागणाऱ्या चिपकडे अधिक लक्ष देऊ लागले आहेत. मायक्रॉन या कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशियल’ या नावाने सामान्य ग्राहकांसाठी चालविलेला आपला व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले.

२०११ चा अनुभव

हार्ड डिस्कची टंचाई हा प्रकार नवा नाही. २०११ च्या पावसाळ्यात थायलंडमध्ये मोठा पूर आला आणि ऑक्टोबर महिन्यात अयुथया व पथुम थानी या प्रांतांतील औद्योगिक वसाहती पाण्याखाली गेल्या. त्या काळी जगातील सुमारे चाळीस टक्के हार्ड डिस्क थायलंडमध्ये तयार होत असत. वेस्टर्न डिजिटलचा तेथील मोठा कारखाना बुडाला. डिस्क फिरविणाऱ्या बारीक मोटारी बनविणारे कारखानेही बुडाले. काही आठवड्यांतच बाजारातील किमती दुप्पट झाल्या. कारखाने पुढील काही महिन्यांत सुरू झाले, परंतु किमती पूर्ववत होण्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ लागला.

त्या वेळी ज्यांनी घाबरून पहिल्या महिन्यात गरजेपेक्षा जास्त माल भरला, त्यांनी सर्वांत महाग भाव दिला. आजच्या टंचाईत मात्र एक फरक आहे. पूर ओसरतो हे ठाऊक असते. मागणी केव्हा ओसरेल हे सांगता येत नाही. म्हणून नुसते थांबून चालणार नाही आणि घाईही परवडणार नाही. मधला मार्ग नियोजनाचा आहे.

एक स्वानुभव

उपायांकडे वळण्यापूर्वी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. ती सांगण्यास मला आनंद होत नाही.

काही वर्षांपूर्वी अक्राणी तालुक्यात, नर्मदेच्या जलाशयाखाली गेलेल्या गावांतील वृद्ध मंडळींच्या आठवणी मी ध्वनिमुद्रित करीत होतो. एका पाड्यावर एका पावरा आजींनी जवळजवळ दोन तास सांगितले. बुडालेल्या गावात कोणाचे घर कोणाच्या शेजारी होते, नदीत कोणता मासा कोणत्या महिन्यात मिळे, होळीच्या आधी कोणकोणत्या पाड्यांची माणसे जमत, हे सर्व त्या आपल्या बोलीत सांगत होत्या आणि त्यांचा नातू मला मधूनमधून अर्थ समजावून देत होता.

ध्वनिमुद्रण यंत्रातील कार्ड भरले होते. हार्ड डिस्कचा भाव मला जास्त वाटला. एका शहरातील बाजारात ‘दोन टेराबाइट’ असे छापलेली खिशात मावणारी एक डिस्क अगदी थोडक्या पैशात मिळाली, ती मी घेतली. संगणकाला जोडली तर तिची क्षमता बरोबर दोन टेराबाइट दिसली. सर्व फाइली तिच्यात उतरल्या, त्यांची नावे यादीत दिसली. मी समाधानाने मूळ कार्ड पुसून टाकले.

महिन्याभराने पाहिले तो एकही मोठी फाइल उघडेना. एका जाणकार मित्राने ती डबी फोडून दाखविली. आत हार्ड डिस्क नव्हतीच. एक लहानसे मेमरी कार्ड चिकटवलेले होते आणि संगणकाला खोटी क्षमता सांगण्याची त्याला शिकवण दिलेली होती. खरी जागा संपल्यावर पुढची माहिती एक तर मागच्या माहितीवर लिहिली जात होती किंवा नाहीशी होत होती.

पुन्हा मुद्रण करावे म्हणून पावसाळ्यानंतर मी त्या पाड्यावर गेलो. आजी पावसाळ्यातच निवर्तल्या होत्या. नातवाने मला एवढेच विचारले, “साहेब, आजीचा आवाज तुमच्याकडे आहे ना?” त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. विक्रेत्याने मला फसविले हे खरे. परंतु डिस्कची परीक्षा न करता आणि दुसरी प्रत न काढता मूळ मुद्रण पुसून टाकणारा हात माझाच होता.

आज भाव चढलेले असताना असा स्वस्त माल बाजारात अधिकच येणार, म्हणून हे आपणांस सांगितले.

पहिले पाऊल: मोजमाप

टंचाई आराखड्यात आपण प्रथम उपलब्ध पाणी आणि माणशी गरज मोजतो. येथेही तेच करावयाचे. आपल्याला किती जागा लागते, याचा अंदाज बहुतेकांना नसतो, आणि अंदाज नसला की माणूस मोठ्या आकड्याला भुलतो.

३०० डीपीआयने स्कॅन केलेले कागदाचे एक पान नेहमीच्या आकुंचित स्वरूपात साधारणतः एक मेगाबाइटच्या आसपास भरते. म्हणजे एक लाख पानांना सुमारे १०० गिगाबाइट. आपल्या ग्रामपंचायतीचे जुने दप्तर चाळीस हजार पानांचे असले तरी ते ४० गिगाबाइटमध्ये बसेल. त्यासाठी चार टेराबाइटच्या डिस्कची गरज नाही. ध्वनिमुद्रण एका वाहिनीवर, उत्तम प्रतीचे आणि कोणतेही आकुंचन न करता केले, तरी तासाला सुमारे ३०० मेगाबाइट लागतात. एका टेराबाइटमध्ये असे तीन हजार तास राहतील.

जागा खाते ते चलत्चित्र. भ्रमणध्वनीवर साध्या ‘एचडी’ प्रतीत एका मिनिटाला साधारणतः ६० ते १३० मेगाबाइट खर्च होतात आणि सर्वोच्च प्रतीत ४०० मेगाबाइटपर्यंत. ग्रामसभेचे तीन तासांचे चित्रण सर्वोच्च प्रतीत केले तर ७० गिगाबाइट भरतील. तेच साध्या प्रतीत केले तर ते त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात किंवा त्याहूनही कमी जागेत बसेल, आणि ठराव कोणी मांडला व अनुमोदन कोणी दिले हे तेवढेच स्पष्ट दिसेल. भ्रमणध्वनीतील ही एक मांडणी बदलण्यास पैसा लागत नाही.

दुसरे पाऊल: गाळ काढणे

नवी विहीर खोदण्यापूर्वी जुनीतील गाळ काढावा, हे आपल्याला कोणी शिकविण्याची गरज नाही. संगणकातही गाळ साचतो. एकाच समारंभाची चार ठिकाणी ठेवलेली तीच छायाचित्रे, कोणीतरी पाठविलेली शुभेच्छाचित्रे आणि चलत्चित्रे, जुन्या प्रणालींच्या स्थापनेच्या फाइली. एक दिवस बसून हे काढले तर पुष्कळ जागा मोकळी होते.

सेवा केंद्रचालकांना येथे एक विशेष विनंती आहे. दाखल्यासाठी आलेल्या नागरिकाचे आधारपत्र, बँकेचे पासबुक, शिधापत्रिका आपण स्कॅन करतो. अर्ज भरला जातो आणि त्या प्रती आपल्या संगणकात वर्षानुवर्षे पडून राहतात. ती माहिती आपली नव्हे, त्या नागरिकाची आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपले आणि कायद्याने जतन करण्याचे बंधन नसले, तर ती पुसून टाकावी, हे त्या कायद्याचे एक मुख्य सूत्र आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमी संकेतस्थळावरून पुन्हा केव्हाही काढता येतो. अनेक प्रमाणपत्रे नागरिकाच्या डिजिलॉकरमध्ये असतात. त्यांच्या प्रती आपल्याकडे साठविण्याचे कारण नाही. जागेची बचत आणि कर्तव्यपूर्ती या दोन्ही गोष्टी येथे एकाच कृतीने साधतात.

तिसरे पाऊल: जुन्या साधनांची दुरुस्ती

अनेक शाळांत आणि कार्यालयांत बंद पडलेले संगणक कोपऱ्यात धूळ खात असतात. संगणक बंद पडला म्हणजे त्यातील हार्ड डिस्क बिघडलीच असे नाही. पुष्कळदा वीजपुरवठ्याचा भाग किंवा मुख्य फलक गेलेला असतो आणि डिस्क शाबूत असते. साधनसामग्री निर्लेखित करण्याची रीतसर कार्यवाही करून आणि वरिष्ठांची अनुमती घेऊन अशी डिस्क काढता येते. एका साध्या जोडणी-वायरीने ती यूएसबीवर चालते.

मात्र ती वापरण्यापूर्वी तिची प्रकृती तपासली पाहिजे. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ असे म्हणतात. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारख्या विनामूल्य प्रणालीने ती वाचता येते. तीत तीन गोष्टी पाहाव्यात. डिस्क एकूण किती तास चालली आहे. खराब झाल्यामुळे किती जागा बदलून घ्याव्या लागल्या आहेत. आणि वाचता न आल्यामुळे किती जागा संशयित म्हणून प्रलंबित आहेत. दुसरा किंवा तिसरा आकडा वाढत चालला असेल, तर ती डिस्क खंगत चालली आहे असे समजावे आणि तिच्यातील माहिती त्याच दिवशी हलवावी. प्रकृती चांगली दिसली तरी जुन्या डिस्कवर दुसरी किंवा तिसरी प्रत ठेवावी; एकमेव प्रत कधीही ठेवू नये.

चौथे पाऊल: खरेदी

एवढे करूनही गरज उरली, तर खरेदी करावी. आपल्या जिल्ह्यात सारंगखेड्याची यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तेथे घोडा घेणारा मनुष्य त्याच्या अंगावरची झूल पाहून सौदा करीत नाही. तो दात पाहून वय ठरवितो, चालवून पाहतो आणि मग बोली लावतो. डिस्क घेताना तीच दृष्टी ठेवावी.

नवी म्हणून घेतलेली डिस्क संगणकाला जोडताच तिचे चाललेले तास पाहावेत. ते शून्याच्या जवळ असावयास हवेत. वर्षाचे तास ८,७६०. कोणी ‘थोडी वापरलेली’ म्हणून दिली आणि आकडा ३५,००० च्या पुढे निघाला, तर ती चार वर्षे रात्रंदिवस राबलेली आहे. हा आकडाही खोडता येतो, हे लक्षात असू द्यावे. माहिती केंद्रांतून काढलेल्या डिस्कचे तास पुसून त्या नव्या म्हणून विकल्याचे प्रकार २०२५ च्या आरंभी युरोपात उघडकीस आले. म्हणून डिस्कवरील अनुक्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकून हमीची मुदत अवश्य पडताळावी.

त्यानंतर क्षमतेची परीक्षा. ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाची विनामूल्य प्रणाली संपूर्ण डिस्क खुणेच्या माहितीने भरते आणि तीच माहिती परत वाचून पाहते. मोठ्या डिस्कला यास एक अहोरात्र लागू शकेल, लागू द्यावे. ही परीक्षा मी त्या वेळी केली असती, तर खोटी डबी पहिल्याच रात्री पकडली गेली असती. ही परीक्षा डिस्क रिकामी असतानाच करावी आणि ती उत्तीर्ण होईपर्यंत मूळ माहितीला हात लावू नये.

भावाची तुलना डब्याच्या किमतीवरून न करता टेराबाइटमागे किती रुपये पडतात यावरून करावी. कित्येकदा संगणकात बसवावयाच्या डिस्कपेक्षा बाहेरून जोडावयाची त्याच क्षमतेची डिस्क स्वस्त मिळते. स्वस्त डिस्कमध्ये बहुधा एक विशिष्ट रचना असते. तीत माहितीच्या रेषा छपरावरील कौलांप्रमाणे एकीवर एक थोड्या चढविलेल्या असतात. मधले एक कौल बदलावयाचे तर पुढची कौले उचलावी लागतात. म्हणून अशी डिस्क रोजच्या लिहिण्या-पुसण्याला मंद पडते. पण दप्तर एकदा भरून कपाटात ठेवावयाचे असेल, तर ती उत्तम काम देते. तेथे जास्त पैसे मोजण्याची आवश्यकता नाही.

वापरलेली डिस्क घेण्यात कमीपणा नाही. दुरुस्त करून हमीसह विकल्या जाणाऱ्या डिस्क आज पुष्कळांना परवडतात. परंतु पावती, हमी आणि परत करण्याची मुदत या तीन गोष्टी लेखी मिळाल्या पाहिजेत. आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे बंधनकारक आहे. ती नसेल तर तो माल आणि त्याची हमी दोन्ही संशयास्पद समजावीत. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर तक्रार करता येते. शासकीय खरेदी अर्थातच विहित पद्धतीने करावी; परंतु तेथेही मागणीपत्रात ‘हार्ड डिस्क, नग एक’ एवढेच न लिहिता क्षमता, हमीची वर्षे आणि ‘नवी, न वापरलेली’ हे शब्द घालावेत. तालुक्यातील पाच-सहा शाळांनी मिळून एकत्र मागणी केली, तर दरासाठी बोलणी करणेही सोपे जाते.

प्रत आणि अंतर

हार्ड डिस्कमधील तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते आणि वाचणारे टोक तिच्यापासून केसाच्या जाडीच्या हजारांशाहून कमी अंतरावर तरंगत असते. चालू डिस्कला धक्का बसणे किंवा वीज अचानक जाणे तिला किती घातक आहे, हे यावरून ध्यानात येईल. चांदसैली घाटातून जीपने धडगावला जाताना डिस्क नेहमी बंद करून, कापडात गुंडाळून न्यावी.

महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी असावी, हा जगभर मान्य झालेला नियम आहे. टंचाईच्या काळात तीन मोठ्या डिस्क कोठून आणावयाच्या, असे वाटेल. परंतु मोजमाप आणि गाळ काढणे झाल्यावर जे खरोखर अमोल उरते ते फार थोडे असते. ते एका डिस्कवर, एका चांगल्या पेनड्राइव्हवर आणि तालुक्याच्या ठिकाणी ठेवलेल्या जुन्या डिस्कवर सहज मावते. दर सहा महिन्यांनी प्रत्येक प्रत उघडून पाहावी. यादीत फाइलचे नाव दिसले म्हणजे फाइल आहे असे नव्हे, हे मी किंमत देऊन शिकलो आहे.

समारोप

मित्रहो, वनहक्काच्या नियमांत वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून मान्य केलेले आहे. आपल्या जिल्ह्यात अनेक कुटुंबांचा इतिहास कागदावर कधी लिहिलाच गेला नाही. तो माणसांच्या स्मरणात आणि आवाजात आहे. ती माणसे दरवर्षी थोडी थोडी कमी होत आहेत. डिस्क महाग झाल्या म्हणून ते काम थांबविता येणार नाही. डिस्कचे भाव केव्हातरी उतरतील. २०११ नंतरही ते उतरले. गेलेला आवाज मात्र परत येत नाही.

म्हणून आपण येथून परत गेल्यावर एकच काम प्रथम करावे, अशी माझी विनंती आहे. आपल्या कार्यालयात, शाळेत किंवा केंद्रात अशी कोणती माहिती आहे की जिची जगात दुसरी प्रत नाही, याची यादी एका कागदावर करावी आणि येत्या आठवड्यात तिची दुसरी प्रत काढावी. त्यासाठी बहुतेकांना एक रुपयाही खर्च करावा लागणार नाही. उद्या कोणाचा नातू आपल्यापुढे येऊन उभा राहिला आणि त्याने तोच प्रश्न विचारला, तर आपल्यापैकी प्रत्येकाला “आहे” असे सांगता आले पाहिजे.